तांदूळ निवडताना गेलीस, गाडीवर नाही

कुंदे, ये इकडे. अशी जवळ ये. दाराच्या पायरीवर उभी राहू नकोस, लोकांची ये-जा असते. पाय वर घे आणि बस माझ्या खाटेवर. आधी मी बोलणार आहे, तू मधे तोंड घालायचं नाही. ही काय रीत झाली तुझी? मी नुसती अंघोळीला गेले होते गं. "ताय, तुमी आंगोल करून घ्या, तवर मी तांदूल निवडते," म्हणालीस. मी बाहेर आले तर मांडीवर सूप, खडे एका कडेला काढलेले, आणि तू भिंतीला टेकलेली. केस पुसत पुसत मी तुला विचारलंसुद्धा, "झोपलीस काय गं?" दोनदा विचारलं. उत्तर नाही म्हणून रागावलेसुद्धा.

धाकट्या जावेने थोरलीच्या आधी नंबर लावायचा नसतो, एवढं साधं तुला कळू नये? आयुष्यभर पंगतीला माझ्या आधी कधी बसली नाहीस, आणि इथेच बरी घाई केलीस.

पण धड रागवायलाही मला कुणी उसंत दिली नाही. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनने तुझ्या गाडीला गिऱ्हाईक आणलं. तुझ्या लेकाने. तुझ्या फटफटीला. त्या दिवशी मी काय केलं ते आत्याबाईंनी एव्हाना सगळ्या पनवेलला सांगितलं असेल, पण त्यांच्या तोंडून तू ऐकू नयेस म्हणून मीच सांगते.

त्याच्या आधी नदीवरचं ऐक. दहाव्याला बायकांनी नदीवर कशाला जायचं, असं आत्याबाई म्हणाल्या, मामंजींची बहीण म्हणून हुकूम त्यांचाच. मी चप्पल घातली आणि जाऊन बसले रिक्षात. पिंड ठेवला. सगळे हात जोडून उभे. आता कावळा लवकर शिवायचा नाही, मग एकेकाने पुढे होऊन कबूल करायचं, अमक्याचं लग्न करू, तमक्याला सांभाळू, काळजी करू नकोस. मी तर मनात वाक्य तयार करूनच गेले होते. कुंदे, गाडी विकू देणार नाही, असं सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं, आणि मगच तो कावळा येणार, अशी माझी खात्री. तर काय! आम्ही चार पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा आला, भात उचलला, वडा उचलला, आणखी दोघांना बोलावलं. माझं वाक्य तोंडातच राहिलं. नितीन रडत रडत म्हणाला, "बघ मोठी आई, आईचं काहीच राहिलं नव्हतं. समाधानाने गेली."

समाधानाने! अगं लबाडे, काही राहिलं नव्हतं? येत्या थंडीत आंबोलीला जायचं कोणाचं ठरलं होतं? आपलं भांडण राहिलं होतं ते? मी तिथेच तुला म्हटलं, थांब, घरी चल, दाखवते तुला. मग आठवलं, आता घरी कोण येणार.

नदीवरच्या कावळ्यांना ते रोजचंच आहे गं. त्यांना भूक लागली होती, एवढंच. पण नितीनने त्या कावळ्याची सही घेतल्यासारखं धरलं. आईचं काही राहिलं नाही, तर गाडी ठेवायची कशाला?

भावोजी गेले तेव्हाही ती गाडी अशीच विकायला निघाली होती, आठवतं? वर्षभर ताडपत्रीखाली पडून होती. तिच्या आडोशाला मांजर व्यायली. एक दिवस सकाळी मी झाडांना पाणी घालतेय, तर तू ताडपत्री ओढून काढलेली, मांजर पिल्लांसकट खोक्यात, आणि तू पदर खोचून टाकी पुसतेस. मी म्हटलं, "विकायला काढलीस वाटतं." तू म्हणालीस, "नाय ताय. चालवायला."

मला वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. मग तू सांगितलंस. लग्न होऊन गव्हाणला आलीस तेव्हा भावोजींनीच शिकवली होती. मिठागरांच्या बांधावर, माणसं घरी गेल्यावर. बांध हाताएवढा, दोन्ही बाजूंना खारं पाणी. "ते माग बसून बोलायचे, सरल बघ, पडलीस तर लोनचं होईल तुजं." मी त्याच घरातली थोरली सून, तुझ्या चुलीला माझी चूल लागून, आणि मला कधी कळलं नाही! मला वाटायचं तुम्ही दोघं संध्याकाळी हवा खायला जाता.

पहिल्यांदा तू मला पळस्पे फाट्यापर्यंत नेलंस, पेट्रोल भरायला. तुझ्या कमरेला मी अशी धरली होती की घरी आल्यावर तू म्हणालीस, "ताय, मी जिती हाय का बघा." त्या रात्री जेवताना तू माझ्या लोकरीच्या टोपलीकडे बघून बोललीस ते वाक्य. "यवढी सेटरं इनता तुमी. हितं पनवेलात घालतंय कोन? त्या लोकरीला कवातरी थंडी दाखवा की."

खरं होतं गं. घामाच्या धारा पुसत लोकर विणणारी बाई पनवेलमध्ये मी एकटीच असेन. शिकवायला कोणी नव्हतं. भाच्याचं जुनं स्वेटर उसवून उसवून बघितलं, कसं केलंय ते, आणि मग उलट्या दिशेने परत केलं. तशी शिकले. सवय लागली ती लागली. यजमान गेल्यावर तर सुया हातातून सुटेनात. पेटी भरली, नातेवाईक भरले, शेजारी मला बघून दार लावायला लागले की ही आता अजून एक टोपी देणार. तुझ्यामुळे त्या विणण्याला जायला जागा मिळाली. लोकरीला थंडी दाखवायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या. खंडाळा, माळशेज, पाचगणी. जिथे जाऊ तिथे चहावाल्याच्या पोराला टोपी, लाजत लाजत घालायचा, आणि तू मला कोपराने ढोसायचीस, "बगा, बगा, बसली डोक्याला."

आणि मग गाडीवरचं विणकाम गाडीसारखंच असतं हे मला हळूहळू कळत गेलं. लांब सरळ सुया घरी ठेवाव्या लागल्या, एकदा वळणावर तुझ्या पाठीत गेली होती तेव्हापासून. वायरने जोडलेल्या दोन आखूड सुया घेतल्या. चहाच्या टपरीवर क्रोशा, कारण चहा उकळेपर्यंत एक फूल होतं, आणि फूल पूर्ण झालं की दोरा तोडून खिशात टाकता येतं, अर्ध्यावर उठावं लागत नाही. पाठीचा मोठा भाग ठेवायचा पंक्चरवाल्यासाठी. तुला आठवतं, खोपोलीला चाक खोलून ठेवून तो माणूस जेवायलाच निघून गेला? तू शिव्या देत होतीस आणि मी म्हटलं, जेवू दे गं, बगलेपर्यंत आलेय. लोकर धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत, तोंडाला रबर, म्हणजे पाऊस आला तरी भिजत नाही. घरी विणलेला टाका आणि घाटात विणलेला टाका मी आजही अंधारात बोटांनी ओळखीन. घाटातला आवळलेला असतो. गाडीवरून उतरल्यावर हात जरा वेळ तसेच मुठीत राहतात ना, म्हणून.

आणि माप! माझी केवढी फजिती. तुझं पहिलं स्वेटर मी शहाण्यासारखं तुला भिंतीशी सरळ उभं करून मापलं. माळशेजला पोहोचेपर्यंत तुझी मनगटं निळी. हँडलवर हात पुढे गेले की बाह्या कोपराकडे पळतात आणि पाठ वर चढते, कमरेला वारा लागतो. हे मला कोण सांगणार? ज्या बायका विणतात त्या गाडी चालवत नाहीत आणि जे गाडी चालवतात ते विणत नाहीत. मग दुसरं स्वेटर मी तुला गाडीवर बसवून मापलं, हात हँडलवर, मान खाली. बाह्या लांब, पाठ पुढच्यापेक्षा चांगली वीतभर मोठी. गाडीवर असं बसलं जसं अंगाबरोबर जन्मलं. पण तू ते घालून भाजी आणायला गेलीस. बाह्या पंजाखाली लोंबताहेत, मागे शेपूट. परत आलीस ती हसत हसत जमिनीवरच बसलीस. "ताय, भाजीवाली बोलते, बाय, हात कुटं ठेवलेस? मी चोर दिसतंय ह्याच्यात."

ते स्वेटर, कुंदे. तुला न्यायच्या वेळी मी ते काढून आणलं. आत्याबाई म्हणाल्या लोकर नाही घालत. मी त्यांचं ऐकणार नव्हते. मी घालणारच होते. पण तुझे हात त्यांनी सरळ ठेवले होते. दोन्ही बाजूंना, अगदी सरळ. ते स्वेटर वाकवलेल्या हातांचं. सरळ हातांना ते बसणारच नव्हतं, बोटांच्याही पुढे गेलं असतं. मी ते घडी करून परत आणलं. त्या दिवसात मला रडू फुटलं ते तेवढ्याच वेळी, पेटीपाशी, माप चुकलं म्हणून. लोकांना वाटलं, म्हातारी आता रडतेय, उशिरा.

आपलं भांडणही मिटवून गेली नाहीस. चालत्या गाडीवर विणायचं की नाही विणायचं. तू म्हणायचीस नाय म्हंजी नाय. मी म्हणायचे, सरळ रस्ता आहे, मी मागे रिकामी बसलेय, माझे हात काय देवळात ठेवू? मग मी तुझ्या पाठीमागे लपून विणायचे आणि माझी कोपरं तुझ्या बरगड्यांना लागायची. हेल्मेटमधून तुझा आवाज यायचा, "कलतंय मला!" मी थांबायचे. जरा वेळाने पुन्हा.

आणि मग ते कर्नाळ्याजवळचं. लोकरीचा गुंडा पिशवीतून कधी पडला मला कळलंच नाही. सुया हातात, दोरा बोटावर चालूच, मी आपली सुलट उलट करतेय, आणि मागून एक ट्रक हॉर्न वाजवतोय, वाजवतोय. बाजूला आला तर त्याचा ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर, "माताजी! धागा! पूरा रोड पे धागा!" मी वळून बघितलं. काळ्या डांबरावर लाल रेघ, लांबपर्यंत, वळणाच्याही पलीकडे. जणू कोणीतरी रस्त्याला कुंकू लावत आलंय. तू गाडी कडेला घेतलीस. मला वाटलं आता काही माझं खरं नाही. चाकात गेला असता तर काय झालं असतं हे मलाही कळत होतं. तू हेल्मेट काढलंस, काखेत धरलंस, आणि कडेकडेने चालत निघालीस, दोरा गोळा करत. एका टेम्पोवाल्याला हात दाखवून थांबवलंस. तो म्हणतोय, "काय झालं काकी, अपघात?" तू म्हणालीस, "नाय रं, सेटर सांडलाय."

परत आलीस तेव्हा हातात तो धुळीचा, काडी-कचऱ्याचा गुंडा. माझ्या मांडीत टाकलास. ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "ताय, मागं तुमी हायसा म्हनून मी चालवते. तुमी पडलात तर मी कोनाला घेऊन जाऊ?"

 पेणपर्यंत गप्प बसले. तुला वाटलं, पटलं मला. नव्हतं पटलं. आज सांगते. चालत्या गाडीवर मी विणायचे कारण मला भीती वाटायची. त्या ट्रकांची, त्या कंटेनरांची, घाटातल्या कठड्यांची. टाक्यांकडे बघितलं की रस्ता दिसायचा नाही. तू सगळ्यांना सांगायचीस, आमची ताय माग बसते ती देव्हाऱ्यात बसल्यासारकी, जरा घाबरत नाय. मी कधी तुला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गाडी हळू चालवली असतीस, आणि मला हळू नको होती गं. घाबरत घाबरत का होईना, मला ती तशीच हवी होती. आयुष्यभर सगळं हळूच केलं होतं मी.

म्हणून भांडणात मी अजून माझ्याच बाजूने आहे. गुंडा पोलक्यात नीट खोचला तर सरळ रस्त्यावर विणता येतं. आता तू नाहीस तर मी जिंकले असं नाही. तू नाहीस, म्हणून ते भांडण तसंच चालू राहणार. मी काही तुला सोडत नाही.

बरं, आता गिऱ्हाइकाचं.

सकाळी चहा करत होते तर अंगणात दोन माणसांचे आवाज. खिडकीतून बघते तो नितीन ताडपत्री काढतोय आणि एक तरुण मुलगा, बरा दिसत होता बिचारा, खाली वाकून इंजिन बघतोय. जुन्या गाड्या घेऊन ठीक करतो म्हणे. मी गॅस बंद केला. लोकरीची पिशवी घेतली. बाहेर गेले आणि गाडीवर बसले. मागच्या सीटवर, माझ्या जागेवर. गाडी मधल्या स्टँडवर होती, म्हणून जमलं. पाय फूटरेस्टवर ठेवले, सुया काढल्या आणि विणायला लागले. भर उन्हाळा, सकाळीच घाम, आणि मांडीवर लोकर.

नितीन म्हणाला, "मोठी आई, हे काय?"

"विणतेय."

"आत बस ना. ऊन येईल इथे."

"येऊ दे."

"अगं, हे लांबून आलेत. खारघरहून."

"खारघर कधीपासून लांब झालं रे? तुझी आई आणि मी माळशेज बघून येऊन संध्याकाळी भाकऱ्या टाकल्यात."

तो मुलगा हसला. नितीनने डोक्याला हात लावला. "मोठी आई, उतर. प्लीज. आता ती चालवणार कोण? तुला येते?"

"नाही."

"मग?"

"मला मागे बसता येतं."

एवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या, काठी टेकत. त्यांना तर बोलायला जागाच हवी होती. "उतर गं बाई, लोक बघतात. त्या गाडीनेच घात केला. दोन विधवा बायका, या वयात ते रानोमाळ हिंडणं, शोभत होतं का? तेव्हाच सांगत होते मी, ही गाडी एक दिवस घेऊन जाईल कोणाला तरी."

तू असतीस तर म्हणाली असतीस, शोभायला आमी काय लग्नाला चाललोय? एकदा म्हणालीही होतीस त्यांना तोंडावर. पण मी तू नाही, मला पटकन सुचत नाही. मी ओळ पूर्ण केली, सुई फिरवली, आणि म्हटलं, "आत्याबाई, कुंदा गाडीवर नाही गेली. कुंदा घरात गेली, भिंतीला टेकून, तांदूळ निवडताना. माणूस ज्याच्यापायी गेलं ते घरात ठेवायचं नसेल ना, तर ते सूप विका आधी."

 स्वयंपाकघराच्या दारात प्रणाली उभी होती, तुझी सून, ती ओढणी तोंडावर धरून आत पळाली. हसायला की रडायला ते मला तेव्हा कळलं नाही.

नितीन मात्र हसला नाही. जवळ आला. गाडीच्या टाकीवर हात ठेवला आणि हळू म्हणाला, "कावळा लगेच शिवला, मोठी आई. तू होतीस तिथे. तिचं काही राहिलं नव्हतं."

"कावळ्याला मोटारसायकलीतलं काय कळतं रे?"

"मला ही दारात बघवत नाही," तो म्हणाला.  "रोज वाटतं, आत्ता येईल, किक मारेल."

कुंदे, तिथे मी जवळजवळ उतरले होते. पोर आहे आपलं. मी त्याला न्हाऊ घातलंय. पण तू चिरनेरची, आणि तुझ्यासोबत राहून थोडं मलाही लागलंय. तुझ्या गावची माणसं जंगलासाठी इंग्रजांसमोर कशी उभी राहिली ते तू मला प्रत्येक वेळी उरण रस्त्याला लागलो की ऐकवायचीस, ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. मी उतरले नाही. मी म्हटलं, "बाळा, तुला ती दारात बघवत नाही, आणि मला ती दारात नाही हे बघवणार नाही. तू पुण्याला असतोस. दार माझं आहे."

तो आत निघून गेला. मी बसून राहिले. ऊन आलं. आत्याबाई कंटाळून गेल्या. त्या खारघरच्या मुलाने बराच वेळ वाट बघितली, मग बूट झटकले. "मावशी, मी जातो. पुढच्या ब्रेकची केबल सैल झालीय, तेवढी बदलून घ्या. आणि चेनला ऑईल." मी त्याला पिशवीतून टोपी काढून दिली. त्याने घेतली. खारघरमध्ये काय करणार तिचं, देव जाणे.

मग प्रणालीने चहा आणून दिला. वर, सीटवर. मी खाली उतरत नव्हते ना. कप माझ्या हातात देऊन ती तिथेच घुटमळली. म्हणाली, "मोठी आई, मी पुण्यात रोज स्कूटर चालवते. ऑफिसला. ही किती वेगळी असते?"

मी तिच्याकडे बघितलं. आपण दोघी म्हणायचो ना गं, ही मुलगी मान वर करून बोलत नाही. मान वरच होती तिची. तूच कधी बघितलं नाहीस, आणि मीही नाही.

नितीन दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला, प्रणाली माझ्याजवळ राहिली. माझ्याशी अजून बोलत नाही. फोन प्रणालीला करतो, आणि ती स्पीकरवर ठेवते, म्हणजे मला त्याचा आवाज ऐकू येतो. जेवलीस का विचारतो, मग जरा थांबतो, मग विचारतो, "ती जेवली का?" मी दूरवरून म्हणते, "जेवली म्हणावं." असं चाललंय आमचं. किल्ली मात्र नेली नाही त्याने. खुंटीवर होती तशीच ठेवून गेला. मागायची वेळच आणली नाही पोराने माझ्यावर.

प्रणाली ऑफिसचं काम इथूनच करते सध्या, संगणक मांडीवर घेऊन. सकाळी लवकर उठून अंगणात किक मारते. पहिल्या दिवशी किक उलटी बसली, पोटरी अशी काळीनिळी झाली की मी हळद लावताना स्वतःच रडले. म्हटलं, सोड गं, म्हातारीच्या हट्टापायी पाय मोडून घेऊ नकोस. तर मला म्हणते, "तुमचा हट्ट वेगळा, माझा वेगळा. तुम्ही फक्त सांगा, आई काय करायच्या?" मला चालवता कुठे येते? पण मागे बसून बसून तुझी पाठ मला पाठ आहे. गिअर टाकायच्या आधी तुझा डावा खांदा जरासा उतरायचा. खड्डा दिसला की तू श्वास धरायचीस. वळणाच्या आधीच वेग कमी, वळणात नाही. एवढं मी तिला सांगते. किकच्या आधी तू टाकीवर दोनदा थाप मारायचीस तेही सांगितलं. ती म्हणाली त्याने काय होतं? मी म्हटलं माहीत नाही, पण मार.

चालू झाली गं. तो आवाज भिंतीला लागून घरात आला आणि मी देवासमोर होते, माझ्या हातातलं निरांजन पडलं. क्षणभर मला वाटलं... जाऊ दे. मला काय वाटलं ते तुला माहीत आहे.

काल आम्ही गव्हाणच्या रस्त्याला जाऊन आलो. हळू. तिच्याबरोबर मला हळूही चालतं, ती नवी आहे. ती घाबरलेली, मी घाबरलेली, दोघी एकमेकींना सांगत होतो की काही होत नाही. विणकाम नेलं नव्हतं. दोन्ही हातांनी तिला धरलं होतं. येताना एका जागी थांबलो तेव्हा तिला सीटवर पुन्हा बसवून, हात हँडलवर ठेवायला लावून, मी तिचं माप घेतलं. तुझ्यापेक्षा हात आखूड आहेत. पाठ मात्र तेवढीच लांब करावी लागेल. लोकर निळी मागते आहे, आजकालच्या मुलींना लाल नको.

ब्रेकची केबल बदलून आणली. आंबोली थंडीतच. मधे खंडाळा करून बघू, हिची घाटाची सवय झाली पाहिजे. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही, पण त्या खिडकीत असतातच. आणि ऐक, तुझ्या फोटोला हार घालायला मला जमत नाही. तू अशी सरळ, डोक्यावर पदर, केस चापून बसवलेले, ती तू नाहीसच. नितीन म्हणतो हाच एक चांगला आहे. माझ्याकडे हेल्मेट घातलेला आहे, त्यात तुझं नुसतं नाक दिसतं. मी तोच लावणार आहे. बघू कोण काढतं.

तर कुंदे, एकदा येऊन जा. राग धरू नकोस मी इतकं बोलले म्हणून, तुझ्याशिवाय कोणाला बोलणार? ये लवकर. पण रविवारी येणार असशील तर उजाडायच्या आत ये. ऊन वर आल्यावर आलीस तर दाराला कुलूप दिसेल. आम्ही निघालेल्या असू.